‘सर्वांसाठी’ म्हणजे कोणासाठी?

सरकारी अहवालाला साहित्य म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कथा, कविता, आत्मकथन यांची समीक्षा होते. शासनाने छापलेल्या पुस्तिकेची होत नाही. ती वाचली जाते ती स्पर्धा परीक्षेसाठी, नाहीतर एखाद्या योजनेचे अनुदान मिळवण्यासाठी. पण गेल्या आठ-दहा वर्षांत जगभरच्या सरकारांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर इतके लिहून ठेवले आहे की, तो गद्याचा एक वेगळा प्रकारच मानावा लागेल. त्याची ठरीव शैली आहे, ठरीव प्रतिमा आहेत, एक नायक आहे आणि गाळून टाकलेली पात्रेही आहेत. अशा लेखनाची समीक्षा तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. भाषेत काय लपवले जाते हे ओळखणे हे लेखक-समीक्षकांचेच काम आहे.

आपल्या समाजाला तर याची अधिकच गरज आहे. आपण सरकारदरबारी सतत नोंदवले जातो, मोजले जातो, तपासले जातो. पण सरकार आपल्याविषयी काय लिहिते हे आपण क्वचितच वाचतो. ते बहुतेक इंग्रजीत असते हे एक कारण, आणि त्यात आपले नाव कुठे दिसत नाही हे दुसरे. हे दुसरे कारणच या लेखाचा विषय आहे.

आधी थोडे जुन्या भाषेविषयी. मराठी दफ्तराची भाषा फारसीच्या सहवासात घडली. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरीही अर्ज, दाखला, हुकूम, तक्रार, जामीन हे शब्द आजही तहसील कचेरीत रोज बोलले जातात. या शब्दांत एक गंमत आहे. प्रत्येकात दोन माणसे गृहीत आहेत. अर्ज म्हटला की अर्जदार आला आणि तो स्वीकारणारा कारकून आला. दाखल्यावर तारीख आणि सही येते. हुकूम कोणीतरी दिलेला असतो, म्हणून त्याच्यावर अपील करता येते. ही भाषा गरिबाशी प्रेमाने वागली असे कोणी म्हणणार नाही. पण अन्याय झाला तर कोणाच्या टेबलासमोर उभे राहायचे हे तिच्यात सांगितलेले असते.

आता नवी भाषा पाहू. अर्थसंकल्पात झालेल्या घोषणेनंतर नीती आयोगाने जून २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय धोरणाचा चर्चामसुदा प्रसिद्ध केला. ‘सर्वांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे त्याचे घोषवाक्य. आरोग्य, शेती, शिक्षण, स्मार्ट शहरे आणि वाहतूक अशी पाच क्षेत्रे त्यात निवडली आहेत. या तंत्रज्ञानामुळे २०३५ पर्यंत देशाच्या वार्षिक वाढीचा दर १.३ टक्के बिंदूंनी वाढेल, असा एका खासगी सल्लागार कंपनीचा अंदाज त्यात उद्धृत केला आहे. जगातील ४० टक्के लोकसंख्येसाठी भारत हे या तंत्रज्ञानाचे ‘गॅरेज’ ठरेल, ही त्यातली सर्वांत लक्षात राहणारी प्रतिमा. आपल्याकडे गॅरेज हे हात काळे करून काम करणाऱ्यांचे ठिकाण. त्या कामगारांत आपली मुले कमी नाहीत. मसुद्यातल्या गॅरेजमध्ये मात्र मेकॅनिक दिसत नाही. प्रयोग कोणावर होणार, दुरुस्ती कोण करणार आणि बिघाड झाला तर भरपाई कोण देणार, हे त्या प्रतिमेत येत नाही.

या मसुद्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. बहुतेक महत्त्वाच्या वाक्यांचा कर्ता तंत्रज्ञान आहे. तंत्रज्ञान उत्पन्न वाढवील, रोग ओळखील, वाहतूक सुरळीत करील. मंत्री, खाते, अधिकारी, ठेकेदार हे कर्त्याच्या जागी फारसे येत नाहीत. स्मार्ट शहरांविषयीच्या भागात तर लोकांच्या हालचालींवर आणि संभाव्य गुन्ह्यांवर लक्ष ठेवणारी नियंत्रण केंद्रे, तसेच समाजमाध्यमांवरील मजकुरातून शांतताभंगाचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणा यांचा उल्लेख सुरक्षिततेची सोय म्हणून येतो. अशी यंत्रणा आल्यावर सुरत शहरातील गुन्ह्यांचे प्रमाण २७ टक्क्यांनी घटले, असेही तिथे म्हटले आहे. कोणते गुन्हे, यंत्राविना ते किती घटले असते, याची चर्चा तिथे नाही. आणि लोकांच्या हालचालींवर लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके कोणत्या मोहल्ल्यात कॅमेरे लावायचे, हा प्रश्न तर त्या परिच्छेदाला पडतच नाही. ज्याला तो पडतो, त्याने हा परिच्छेद लिहिलेला नाही.

आता ‘सर्वांसाठी’ या शब्दाकडे वळू. शब्द मोठा आहे, ऐकायला गोड आहे. पण शासनाच्या भाषेत ‘सर्व’ हा शब्द दोन प्रकारे येतो. कधी कोणालाही वगळू नये म्हणून, आणि कधी कोणाचेही नाव घ्यावे लागू नये म्हणून. हा फरक समजण्यासाठी आपल्या घरातला दुसरा एक सरकारी अहवाल शेजारी ठेवावा. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीची नेमणूक मार्च २००५ मध्ये झाली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचे गद्य रूक्ष आहे. तक्ते आहेत, टक्केवारी आहे. पण २००१ च्या जनगणनेप्रमाणे १३.४ टक्के असलेल्या समाजाचे प्रमाण भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के आहे, हे त्याने नाव घेऊन सांगितले. लांगूलचालनाच्या भाषणांना त्या तीन आकड्यांनी जे उत्तर दिले, ते आपल्या शंभर लेखांनी दिले नसते. त्याच अहवालाने राष्ट्रीय माहितीसंच आणि समान संधी आयोग यांची शिफारस केली. म्हणजे आपण माहिती गोळा करण्याच्या विरोधात कधीच नव्हतो. आपली मागणीच ती होती. विषमता दिसावी म्हणून मोजा, असे आपण म्हणत होतो.

सच्चर अहवालात मुसलमान हे नाम होते. नव्या अहवालांत तो ‘सर्व’ या सर्वनामात विरघळला आहे. लाभाचा प्रश्न आला की ओळख पुसली जाते. संशयाचा प्रश्न आला की यंत्राला तीच ओळख, न सांगता, सापडते. पत्ता, वस्ती, नाव, भाषा, वडिलांचे नाव यांतून ती सापडते. त्यासाठी अर्जात धर्माचा रकाना असावा लागत नाही.

याचे एक उदाहरण सरकारी छपाईतच आहे. जुलै २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीत लोकांच्या माहितीवर एक पूर्ण प्रकरण होते. लोकांची, लोकांनी दिलेली, लोकांसाठीची माहिती, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. लोकशाहीच्या प्रसिद्ध व्याख्येची आठवण करून देणारे. निरनिराळ्या खात्यांतील नोंदी एकत्र जोडणाऱ्या तेलंगणाच्या ‘समग्र वेदिका’ या प्रणालीचा त्यात आदर्श म्हणून गौरव आहे. ही प्रणाली नावे आणि पत्ते जुळवून एका माणसाच्या सगळ्या नोंदी एका ठिकाणी आणते. या जुळवणीचा रेशनकार्डांवर काय परिणाम झाला, हे पुढे पत्रकारांनी शोधून काढले. सायकलरिक्षा चालवणाऱ्या एका माणसाची नोंद नावाच्या साम्यामुळे मोटार असलेल्या दुसऱ्याच माणसाशी जोडली गेली आणि त्याच्या घराचे स्वस्त धान्य बंद झाले. रद्द झालेली सुमारे १९ लाख कार्डे पुन्हा प्रत्यक्ष तपासा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये द्यावा लागला.

नावांची ही जुळवणी आपल्यासाठी किती धोक्याची आहे, हे कोणाला समजावून सांगायला नको. शेख, सय्यद, पठाण, खान या चार आडनावांत आपली निम्मी वस्ती सामावते. त्यांवर मोहम्मद, अब्दुल, अली, बी आणि बेगम. एकाच माणसाचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि मतदारयादीत तिसऱ्या. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर वाटेत पडतेच. कारकून समोर असतो तेव्हा ‘साहेब, तो मीच’ असे सांगता तरी येते. यंत्र एका माणसाचे दोन करते आणि दोन माणसांचा एक, आणि ते कुठल्या टेबलावर घडले हे कार्डधारकाला कळत नाही. आर्थिक पाहणीतील त्या सुबक प्रकरणात हा माणूस कुठेही नाही. ‘लोकांसाठी’ हा शब्द मात्र थेट शीर्षकात आहे.

दुसरे उदाहरण लोकसभेच्या कामकाजातले. फेब्रुवारी २०२० मधील दिल्लीच्या दंगलीवरील चर्चेला ११ मार्च २०२० रोजी उत्तर देताना गृहमंत्र्यांनी चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने ११०० हून अधिक जणांची ओळख पटवल्याचे सांगितले. मतदार ओळखपत्र आणि वाहन परवान्याची माहिती त्यासाठी वापरली होती. हे सॉफ्टवेअर आहे, ते धर्म पाहत नाही, कपडे पाहत नाही, फक्त चेहरा पाहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाक्य म्हणून ते प्रभावी आहे. पण त्यात यंत्राला साक्षीदार आणि न्यायाधीश अशा दोन्ही खुर्च्यांवर बसवले आहे. यंत्र कपडे पाहत नसेल; कोणाचे चित्रीकरण यंत्रात घालायचे हे तर माणूसच ठरवतो. पुढे २०२२ मध्ये माहिती अधिकारातील एका अर्जाला उत्तर देताना दिल्ली पोलिसांनी सांगितले की, ८० टक्क्यांवरील साम्य ते ओळख पटली असे धरतात. ८० च का, हे आकड्यावरून कळत नाही. परीक्षेत ८० टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य. कोठडीच्या दाराशी त्याच आकड्याचा अर्थ निराळा होतो.

यंत्र ज्या नोंदींवर शिकते त्या नोंदी लिहिणारे कोण, हेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या पोलीस व्यवस्थेच्या स्थितीवरील अहवालात, म्हणजे कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या पाहणीत, जवळपास निम्म्या पोलिसांनी मुसलमान स्वभावतः गुन्ह्याकडे वळतात असे कमीअधिक प्रमाणात मान्य केले होते. या मनाने लिहिलेल्या नोंदी यंत्राला शिकवल्या, तर यंत्र पूर्वग्रहच शिकेल, आणि वर त्याला गणिताची प्रतिष्ठा लाभेल. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणारी ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापन केली. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून हा शब्द बनवला आहे. त्याचा अर्थ नवल. नवलासमोर माणूस डोळे विस्फारून उभा राहतो, प्रश्न विचारत नाही. नाव ठेवण्यातही राजकारण असते ते असे.

हे फक्त भारतातच आहे असे नाही. अमेरिकेच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या कृती आराखड्याचे नावच शर्यत जिंकण्याविषयीचे आहे. चीनच्या मंत्रिपरिषदेने २०१७ मध्ये आखलेल्या योजनेत २०३० पर्यंत जगात अग्रस्थानी पोचण्याचे वेळापत्रक आहे. त्याच योजनेत लोकसमूहांच्या मनातील बदल वेळीच टिपण्यासाठी आणि सामाजिक स्थैर्य राखण्यासाठी या तंत्राला पर्याय नाही, असेही म्हटले आहे. शिन्जियांगमधील विगुर मुसलमानांच्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवणारी पोलिसी प्रणाली ह्यूमन राइट्स वॉचने २०१९ मध्ये उलगडून दाखवली. ती वाचल्यावर ‘स्थैर्य’ या शब्दाचा अर्थ कळतो. शर्यतीच्या रूपकाचा एक मोठा फायदा असतो. शर्यतीत धावणाऱ्याला थांबवून कोणी हिशेब मागत नाही. रस्त्याकडेला चिरडला गेलेला माणूस हा शर्यतीच्या गोष्टीतला विषय नसतो.

नेदरलँड्सचा धडा सर्वांत बोलका आहे. तिथल्या कर खात्याने बालसंगोपन भत्त्यातील फसवणूक शोधताना हजारो पालकांना लबाड ठरवले आणि मोठ्या रकमा परत मागितल्या. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, ही बाब त्या खात्याच्या जोखीम मोजणाऱ्या प्रणालीत एक निकष म्हणून होती. दुहेरी नागरिकत्वाच्या नोंदी बेकायदा आणि भेदभावाने वापरल्याचे तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये नोंदवले. तुर्की आणि मोरोक्कन मुळाची कितीतरी कुटुंबे यात भरडली गेली. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने अहवाल दिला आणि त्याला नाव दिले ‘अभूतपूर्व अन्याय’. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सरकारी कागदावर अन्यायाला अन्याय म्हणता येते, हे या शीर्षकाने दाखवून दिले. हे धाडस यंत्र बसवण्यापूर्वीच्या कागदात का नसते, हा खरा प्रश्न आहे.

सगळे सरकारी लेखन एकाच तागडीत तोलणे अर्थात अन्यायाचे होईल. अमेरिकेच्याच मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या १८९ प्रणाली तपासल्या आणि त्यांतील अनेक प्रणाली आशियाई व आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या बाबतीत गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट अधिक चुकीच्या जुळण्या करतात, असे स्वच्छ लिहिले. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. काही वापर त्याने थेट निषिद्ध ठरवले, आणि त्या निषेधाचा भंग करणाऱ्याला साडेतीन कोटी युरोपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड सांगितला. पोलीस आणि राष्ट्रीय सुरक्षा यांसाठी त्यात पळवाटा आहेत, आणि त्या नेमक्या स्थलांतरित मुसलमानांच्या वाट्याला येणाऱ्या आहेत. तरीही त्यात कर्ता आहे, कृती आहे आणि शिक्षा आहे. वाक्य पूर्ण आहे.

आपल्या नीती आयोगानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेची तत्त्वे मांडली. त्यात संविधानाचा आधार घेतला आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवर आधारलेल्या जुन्या दऱ्या या तंत्राने अधिक खोल करू नयेत, असे म्हटले आहे. २०१८ च्या मसुद्याच्या मानाने ही भाषा पुष्कळ पुढे आलेली आहे, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणीनेही रोजगाराविषयी लिहिताना संकट की संधी, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. सरकारी गद्यात प्रश्नचिन्ह येणे ही छोटी गोष्ट नव्हे.

पण ‘करू नये’ आणि ‘केल्यास’ यांत अंतर आहे. पहिले उपदेशाचे वाक्य, दुसरे कायद्याचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या नियमनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सात ‘सूत्रे’ आहेत. विश्वास, माणूस प्रथम, न्याय्यता, उत्तरदायित्व ही त्यांपैकी काही. एक सूत्र मात्र निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला झुकते माप देणारे आहे. वेगळ्या कायद्याची तूर्त गरज नाही, अशी एकूण भूमिका आहे. सूत्र हा शब्द आपल्या परंपरेत थोडक्यात मोठा अर्थ सांगणाऱ्या वचनासाठी येतो. त्यावर भाष्य लिहावे लागते. इथे भाष्य कोण लिहिणार? मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. पैशाची बाजू दशांश चिन्हापर्यंत नेमकी आहे. चुकीच्या निर्णयाचा बळी ठरलेल्या नागरिकाने किती दिवसांत कोणाकडे दाद मागायची, ही बाजूही तितक्याच नेमकेपणाने लिहिली जाईल, तेव्हा ‘सर्वांसाठी’ हे शब्द खरे मानता येतील.

या सगळ्याचा अर्थ यंत्राला विरोध करावा असा मुळीच नाही. छपाईयंत्राकडे पाठ फिरवण्याची किंमत मुस्लिम जगाने एकदा मोजली आहे. भाषांतराची साधने सुधारली, तर मराठी बोलणाऱ्या आणि उर्दू शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांचा फायदाच आहे. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. त्याचा उपयोग कोरडवाहू शेतकऱ्याला झाला तर कोणाला नको आहे? प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्याविषयी लिहिणाऱ्या लेखणीचा आहे. जी लेखणी लाभ सांगताना भविष्यकाळ वापरते, धोका सांगताना कर्ता गाळते आणि माणसांचा उल्लेख ‘लाभार्थी’ किंवा ‘हितधारक’ एवढाच करते, तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून असा कोणताही कागद हाती आला की, वाचकाने चार गोष्टी तपासाव्यात. निर्णय घेणारा माणूस किंवा खाते वाक्यात आहे का? दिलेला आकडा कोणी मोजला, आणि ज्यांच्यावर यंत्र चुकले त्यांचाही आकडा शेजारी आहे का? चूक झाली तर दाद मागण्याचे ठिकाण आणि मुदत लिहिली आहे का? आणि ज्यांच्यावर तो निर्णय लागू होणार, त्यांच्या भाषेत तो छापला आहे का? राज्याचा कारभार मराठीत करण्याचा कायदा १९६४ पासून आहे. केंद्राचे अहवाल मराठीत मागण्यात गैर काहीच नाही. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदाही आपल्या हाती आहे. दिल्ली पोलिसांचा तो ८० टक्क्यांचा आकडा एका साध्या अर्जामुळेच बाहेर आला.

हैदराबादच्या एका सामाजिक कार्यकर्त्याला २०२१ च्या टाळेबंदीत पोलिसांनी रस्त्यात अडवून, मास्क काढायला लावून त्याचा फोटो घेतला. त्याने विचारले, माझा फोटो कशासाठी? उत्तर मिळाले नाही, तेव्हा तो उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. त्याचा प्रश्न तीन शब्दांचा होता. तेवढाच नेमका प्रश्न आपल्या साहित्य संमेलनांच्या ठरावांतून, मोहल्ल्यातील वाचनालयांतून आणि तहसील कचेरीतील अर्जांतून यापुढे विचारला गेला पाहिजे. अर्जावर आपली सही आणि तारीख असावी, आणि पोचपावतीवर घेणाऱ्याची.